नाव न घ्यायचा पाला

आजारपणात पहिला संशय कोणावर घ्यावा, तर आपल्याला आजार आहे असं जो सांगतो त्याच्यावर. मी डॉक्टरांवर घेतला. ते माझा रिपोर्ट बोटाने ठोकत म्हणाले, "अनंतराव, रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी साडेआठ आलीय. पोटात स्वादुपिंड असतं, त्यात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी असतात. तुमच्या पेशी दमल्यात. या गोळ्या घ्या, गोड बंद करा, चाला. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. आकडा उतरला नाही तर इन्सुलिनची सुई सुरू करावी लागेल."

पंचायत समितीच्या आस्थापना शाखेत मी बत्तीस वर्षं काढली. दमलो म्हणून रजा मागणारे शेकडो अर्ज माझ्या टेबलावरून गेले आणि त्यातला एकही मी पहिल्या फेरीत पुढे सरकू दिला नाही. तेव्हा पेशी दमल्या, या विधानाला पुरावा काय, असं मी विचारलं. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

सुईचं मात्र मनावर घेतलं. मला सुईची भीती वाटते, हे इथेच सांगून टाकतो, कारण नाही सांगितलं तरी आमच्या बोर्ली गावातलं कोणीही तुम्हाला सांगेल. करोनाच्या लशीच्या वेळी मी बाकावरून घसरलो होतो. लस तेव्हा अजून बाटलीतच होती. तेव्हापासून ठरवलं होतं की या जन्मात पुन्हा सुई नाही, आणि आता हे डॉक्टर रोज टोचायची भाषा करत होते.

माझी पुतणी प्रणाली नवी मुंबईच्या एका कॉलेजात औषधनिर्माणशास्त्र शिकते. तिचा प्रकल्पच असा, की झाडपाल्याचे अर्क देऊन इन्सुलिनच्या पेशी वाचवता येतात का ते बघायचं. मी तिला फोन लावला. ती म्हणाली, "काका, काही अर्कांनी उंदरांच्या पेशी वाचलेल्या दिसतात. माणसांचं अजून नक्की नाही. तुम्ही गोळ्या सोडू नका." यातलं पहिलं वाक्य मी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या वाक्यापासून बहुधा रेंज गेली असावी.

बातमी शेजारीपाजारी गेल्यावर सल्ल्यांची आवक सुरू झाली. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, भिजवलेली मेथी, भेंडीचं पाणी, विजयसाराच्या लाकडी पेल्यातलं पाणी. मी रीतसर चौकशी केली तेव्हा असं निष्पन्न झालं, की सल्ला देणाऱ्या नऊ जणांपैकी सात जणांना स्वतःलाच साखर होती आणि उरलेल्या दोघांनी अजून तपासलेली नव्हती. शेवटी शेजारचा दादू आला. दादू भरडखोलचा कोळी. होडी मुलाच्या ताब्यात दिल्यापासून तो बोर्लीत मुलीकडे राहतो आणि दिवसभर लोकांच्या ओट्यांवर बसतो.

"भाऊ, ता कारला-बिरला सोड," तो म्हणाला. "वाडीवरची तुळशी हाय ना, तिच्याकं जा. ती पाला देतं. पन तिला कायव इचारू नको."

इचारू नको म्हटल्यावर मी गेलोच.

आदिवासीवाडी आमच्या मागच्या डोंगरावर. चढून वर पोचलो तेव्हा तुळशी अंगणात लाकडं रचत होती. तिचा नवरा काळूराम ओट्यावर पडला होता. पायाला फडकं बांधलेलं. तो माझ्याकडे टक लावून बघत होता, म्हणून मी त्याच्यावरही थोडा संशय घेऊन ठेवला. तुळशीने माझं सगळं ऐकलं, रानात गेली आणि ओंजळभर हिरवी पानं आणून पळसाच्या पानात बांधून दिली.

"सकाळी उठल्याबरोबर दोन पानं चावायची. चूळ भरायची न्हाय. मंग च्या पी. सरला की परत ये."

"कसला पाला आहे हा?"

"नाव न्हाय सांगायचं. तू बी कुनापुढं घ्यायचं न्हाय. नाव घेतलं की गुन जातो."

तिने देवापुढे ठेवायला एक नारळ तेवढा मागितला. औषध विकणाऱ्यापेक्षा औषध फुकट देणाऱ्याचा मला जास्त संशय येतो. घरी आल्यावर मी चार पानं लिफाफ्यात घातली आणि प्रणालीला पाठवायला निघालो. पोस्टाच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, आत काय आहे? म्हटलं, पाला. कसला पाला? म्हटलं, ते सांगता येत नाही. बाईंनी लिफाफा नाकाला लावला, माझ्याकडे पाहिलं आणि वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी अर्ज लिहून आणायला सांगितला. एकूण तीन खेपा झाल्या. शेवटी मी 'घरगुती भाजीचा नमुना' असं लिहून दिलं, आणि माझ्या आयुष्यातली पहिली खोटी नोंद सरकारी कागदावर पडली.

आता चहाकडे येतो, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं. कोकिळेशी, म्हणजे आमच्या मंडळींशी, माझा तह असा ठरला होता, की दिवसभरात गोड काही नाही, फक्त सकाळच्या चहात एक चमचा साखर. पहिल्या दिवशी उठलो, दोन पानं चावली आणि कपाला तोंड लावलं. आलं लागलं, दूध लागलं. साखर नाही.

मी तो कप गुपचूप संपवला. संशयिताला आधी सावध करायचं नसतं. दुसऱ्या दिवशी चहा उकळेपर्यंत मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. चमचाभर साखर पातेल्यात पडताना डोळ्यांनी पाहिली. तरी चहा मिळमिळीत.

"अजून एक घाल," मी म्हणालो.

"तह मोडताय तुम्ही."

"तह आधी कोणी मोडला, ते बघून घेऊ."

आठवडाभरात मी तीन चमच्यांवर गेलो. तीन चमचे घालूनही चहा नुसता आल्याचा काढा. मग एके सकाळी डब्यातली कोरडी साखर जिभेवर टाकली. दाताखाली वाळू. दिवेआगरच्या किनाऱ्यावर पडल्यावर तोंडात जाते तशी.

तुम्ही म्हणाल, पाल्यावर कसा संशय आला नाही? आला होता. पण मी कायदेशीर विचार केला. पाला कडसर होता. आवळा खाऊन पाणी प्यालं की पाणीसुद्धा गोड लागतं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे या पाल्यानंतर साखर उलट जास्तच गोड लागायला हवी होती. शिवाय पाल्याची चौकशी रीतसर चालू होती, नमुना प्रणालीकडे गेला होता, आणि अहवाल येण्याआधी शेरा मारायची मला सवय नाही. पाला निर्दोष. कोकिळासुद्धा निर्दोष. उरली साखर.

साखर आमच्याकडे हेतलबेनच्या दुकानातून येते. त्यांच्या आजोबांपासून दुकान बोर्लीच्या बाजारात आहे. हेतलबेन मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात, गुजराती फक्त राग आल्यावर. घाई न करता मी आधी आणखी दोन दुकानांतली पावपाव किलो साखर आणली आणि दोन्ही पुड्या सकाळी उठल्याउठल्या, पाला चावून झाल्यावर, ताज्या जिभेने तपासल्या. दोन्ही वाळू. चौकशीअंती कळलं की ती दोन्ही दुकानं गोणी हेतलबेनकडूनच उचलतात. माझ्या डोळ्यांसमोर सगळ्या श्रीवर्धन तालुक्याचा कट उभा राहिला.

दुकानात जाऊन मी हळू आवाजात म्हणालो, "हेतलबेन, तुमच्या साखरेला गोडी नाही."

त्यांनी चिमूटभर साखर तोंडात टाकली. "साकर गळी नथी? अनंतभाई, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

बाकावर दादू बसलेला होता. त्यानेही चाखली. "गोड हाय की."

दादू रोज त्या बाकावर बसून दुकानातला चहा पितो. अशा साक्षीदाराची साक्ष मी किती धरायची?

तक्रार करायचं ठरवलं आणि संगणकावरचा अर्ज उघडला. तक्रारीचे प्रकार दिले होते: भेसळ, कीड, खडे, मुदतबाह्य माल, इतर. 'साखर गोड नाही' असा प्रकारच नाही. 'इतर' निवडलं तर वीस शब्दांत तपशील मागितला. मी वीस शब्दांत साधी रजा नामंजूर केली नाही कधी. चौथ्या दिवशी अर्ज त्रुटीसह परत आला: 'सोबत खरेदीची पावती जोडलेली नाही.' त्रुटी काढणं हे माझं आयुष्यभराचं काम, आणि म्हातारपणी कुणा अनोळखी पोराने माझ्याच अर्जात त्रुटी काढावी, हे फार लागलं. मी पावती जोडली, नऊ पानी निवेदन जोडलं आणि त्यात 'संपूर्ण बाजारपेठ' असा शब्द तीन वेळा घातला.

त्या शब्दाने काम केलं. गणपतीला आठ दिवस उरले असताना जिल्ह्याचे अन्न निरीक्षक जीप घेऊन आले. त्यांनी हेतलबेनच्या साखरेच्या सगळ्या गोण्या मोजल्या, नमुने काढले आणि प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत साठ्याला सील ठोकलं. दुकानावर कागद चिकटला. दुपारपर्यंत साखरेत रेती असल्याचं ठरलं, संध्याकाळपर्यंत युरिया. मोदकांच्या दिवसांत त्या दुकानाची पायरी कोणी चढेना. हेतलबेन मात्र रोजच्यासारख्या गल्ल्यावर बसून राहिल्या. त्यांच्यासमोरून जाताना मी छाती काढून चालायचं ठरवलं होतं, पण का कोण जाणे, मी पलीकडच्या बाजूने गेलो.

त्याच दिवशी दिवेलागणीला प्रणालीचा फोन आला.

"काका, पान ओळखलं आमच्या मॅडमनी. बेडकीचा पाला. पुस्तकात गुडमार म्हणतात. गंमत माहितेय? हे चघळलं की अर्धा-पाऊण तास जिभेला गोड कळतच नाही. साखर अगदी वाळूसारखी लागते. आमच्याकडे नव्या मुलांना हे पान देऊन वर पेढा खायला लावतात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि पेशींचं?"

"त्याच्या अर्काने उंदरांमध्ये बरं दिसलंय. तुमच्या पेशी वाचतील असं मी नाही सांगू शकत. पण गोळ्या चालू आहेत ना? आणि साखर बंद आहे ना, काका?"

मी रोज तीन चमचे साखरेचा चहा पीत होतो. अधूनमधून तपासणीसाठी फक्क्या मारत होतो, त्या वेगळ्या.

कोकिळेने सगळं ऐकलं होतं. तिने पीठ मळायचं थांबवून हात धुतले आणि माझ्यासमोर पाटावर बसली. "उद्या ते साहेब परत येणार आहेत पंचनाम्याला. दुकानासमोर जायचं आणि सांगायचं."

"काय सांगायचं?"

"खरं."

"खरं सांगायचं तर पाल्याचं नाव घ्यावं लागेल. नाव घेतलं की गुण जातो."

बोलून गेलो आणि माझा मलाच धक्का बसला. ज्याने डॉक्टरांवर विश्वास ठेवला नाही, बायकोवर ठेवला नाही, तीन दुकानांवर आणि दादूवर ठेवला नाही, त्याचा या एका गोष्टीवर मात्र पूर्ण विश्वास बसला होता. कारण सरळ होतं. तीन महिने संपायला पंधरा दिवस होते. साखर आता बंदच करणार होतो. पण पाल्याचा गुणही गेला, तर सुईच्या आणि माझ्या मध्ये काही उरत नव्हतं.

"सुई टोचली तर तुम्ही दोन मिनिटं ओरडाल," कोकिळा म्हणाली. "हेतलबेन आठ दिवस एक शब्द न बोलता बसतील."

मी त्यावर खूप विचार केला. म्हणजे जेवण होईपर्यंत.

सकाळी मी पाला चावला नाही. उरलेली पानं पिशवीत घेतली आणि बाजारात गेलो. साहेब आले होते, आणि सील ठोकलेल्या गोण्या बघायला निम्मं गाव जमलं होतं. मी पुढे झालो आणि सांगितलं, की साखरेत दोष नाही, दोष माझ्या जिभेत होता, आणि जिभेतला दोष एका पाल्याचा.

कोणाचा विश्वास बसेना. "पैसे खाल्लेत मधल्या मधे," मागून कोणीतरी म्हणालं. "मिटवलं यांनी आपसांत," दुसरा म्हणाला. ज्या नजरेने मी तीन महिने सगळ्यांकडे बघत होतो, त्या नजरेने सगळे माझ्याकडे बघत होते. फार वाईट वाटतं. अनुभव नसेल तर घेऊ नका.

"कसला पाला?" साहेबांनी विचारलं.

मी पिशवीतलं एक पान काढून त्यांच्या हातावर ठेवलं. मग म्हणालो, "बेडकीचा."

साहेबांनी स्वतः पान चावलं, मग साखरेचा एक फक्का मारला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग दादूने चावलं, मग सगळ्यांनी. मोदकांसाठी आणलेला गूळ, कोणाच्या पिशवीतले पेढे, एका बाईने नैवेद्याला घेतलेली बुंदी, सगळ्याची माती होत होती आणि गाव हसत होतं. प्रयोगशाळेला फोन झाला, नमुन्यात साखरेशिवाय काही नव्हतं. सील निघालं.

हेतलबेन हसल्या नाहीत. त्यांनी बरणीतला एक पेढा काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो तोंडात टाकला. गोड होता. तीन महिन्यांत इतकं गोड काही खाल्लं नव्हतं, आणि तो गिळताना मला जड गेला.

"अनंतभाई," त्या म्हणाल्या, "मला येऊन फक्त विचारायचं होतं, की बेन, माझ्या जिभेला काय झालंय बघा. मी बघितलं असतं." एवढं बोलून त्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. गुजरातीचा एक शब्द त्यांनी वापरला नाही. त्या खरोखर दुखावल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी तुळशीकडे निघालो, झाल्या गोष्टीची कबुली द्यायला. वाटेत डोंगरावरून निम्मी बोर्ली खाली उतरत होती. प्रत्येकाच्या हातात पाला. कोणाच्या पिशवीत, कोणाच्या पदरात. दादूने तर मासळीची पाटी भरली होती. "म्हाताऱ्या मानसांना ठाऊक व्हती ही येल," तो म्हणाला. "नाव तेवढा इसरलेलो. तू आठवन करून दिलीस." दोघा पोक्त माणसांच्या खांद्यावर तर पहारी होत्या.

तुळशी करवंदीच्या जाळीपाशी उभी होती. जाळीवर चढलेली वेल पार ओरबाडलेली, एक पान नाही. मुळापाशी खड्डा.

"नाव घेतलंस?" तिने विचारलं.

"घेतलं."

"म्हनून सांगितलेलं, गुन जातो."

"मला वाटलं, मंत्र वगैरे काही असेल."

"मंतर कशाचा? हिकडं ही एकच येल व्हती." ती ओट्याकडे बघत राहिली. "काळूरामला रोज दोन पानं देत व्हते मी. आता काय देऊ?"

मी ओट्याकडे पाहिलं. काळूरामच्या पायावरचं फडकं नेहमीचंच होतं, पण मी ते पहिल्यांदा नीट बघत होतो. अंगठा काळा पडत चालला होता. याच माणसावर मी संशय घेतला होता, की हा माझ्याकडे टक लावून का बघतो. तो माझ्या हातात पडणाऱ्या, त्याच्या वाट्याच्या पानांकडे बघत होता.

मी मान खाली घातली. मग काळूरामला म्हणालो, "उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल."

काळूरामला उतरवायला दादूने गाडी आणली, तुळशी आणि कोकिळाही बरोबर आल्या. माझी तपासणी पंधरा दिवस अलीकडे उरकली. डॉक्टरांनी दोघांचेही रिपोर्ट शेजारी ठेवले. माझी सरासरी साडेआठवरून साडेनऊवर गेली होती. काळूरामची मी सांगत नाही, डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला एवढं पुरे. जखम धुऊन झाली, पाय वाचेल म्हणाले, पण सुई दोघांनाही आजपासून.

"पाल्याने पेशी वाचतात का, ते शास्त्रज्ञ शोधतील," ते मला म्हणाले. "तुमच्या पेशींना आज विश्रांती हवीय. बाहेरून इन्सुलिन दिलं की आतल्यांवरचा भार उतरतो. उरल्यात त्या टिकवायला आत्ता हाच उपाय." म्हणजे जिला मी घाबरत होतो, ती सुई त्या बिचाऱ्यांची रजा होती. मी काही त्रुटी काढली नाही.

नर्सबाई ट्रे घेऊन आल्या. पहिला नंबर काळूरामचा. त्याने हात मागे घेतला.

"काय हाय ह्यात?"

"इन्सुलिन आहे, बाबा."

काळूराम उठून उभा राहिला. "नाव घेतलं. आता गुन न्हाय येनार." तुळशीने त्याला दटावलं, डॉक्टरांनी समजावलं. तो भिंतीला पाठ लावून उभा. त्याच्या पायाकडे बघवत नव्हतं.

कोकिळेने माझ्याकडे पाहिलं.

"मला आधी द्या," मी म्हणालो. आवाज माझाच होता, तरी ओळखू येत नव्हता. मी बाकावर बसलो, सदरा वर केला आणि दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला. नर्सबाईंनी पोटाची चिमूट धरली. मी डोळे मिटले नाहीत, कारण काळूराम बघत होता. सुई आत गेली, आणि बाहेर आली.

"दुखलं?" काळूरामने विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो.

तो जवळ आला, वाकला आणि माझ्या डोळ्यांत जमलेलं पाणी नीट निरखून पाहिलं.

"खोटं बोलतोस," तो म्हणाला, आणि माझ्या शेजारी बसून त्याने बंडी वर केली.